जिंगल बेल्सच्या आधी अभंग: नाताळला मराठी चाल देणारे रत्नागिरीचे रेव्हरंड टिळक

डिसेंबर आला की मॉलमध्ये जिंगल बेल्स सुरू होतं, सांताच्या टोप्या विकायला येतात आणि नाताळ म्हणजे काहीतरी इंग्रजी प्रकरण आहे असंच वाटायला लागतं. पण मराठी ख्रिस्ती घरातला नाताळ बघितला तर चित्र वेगळं दिसतं. करंज्या, शंकरपाळ्या, चकल्यांचे डबे भरलेले असतात. दारात कागदाची चांदणी लावायचं काम घरातल्या नववी-दहावीच्या पोरांकडे असतं. रात्री हीच पोरं घरोघर गात फिरतात आणि गिटारसोबत पेटी, ढोलकी, टाळही निघतात.

इंग्रजी गाण्यांच्या भाषांतरांवर भागत असताना ही पेटी आणि टाळ आले कुठून? त्यासाठी रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली भागात जावं लागतं.

तिथल्या करजगावात डिसेंबर १८६१ मध्ये चित्पावन ब्राह्मण घरात नारायण वामन टिळकांचा जन्म झाला. लोकमान्य टिळकही रत्नागिरीचेच, त्यामुळे अनेकांचा गोंधळ होतो, पण हे टिळक वेगळे. वडील कडक स्वभावाचे. आई जानकीबाई मात्र कवितेत रमणाऱ्या. नारायण लहान असतानाच त्या गेल्या आणि पोरगं घर सोडून नाशिकला पोचलं. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकलं. म्हणजे आईविना, घराविना वाढलेलं पोर. पुढे त्यांनी स्वतःचं घर सगळ्यांच्या पोरांना उघडं ठेवलं, त्याचं मूळ इथेच असावं.

१८८० च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूरच्या मनकर्णिका गोखलेंशी त्यांचं लग्न झालं. नवरी अकरा वर्षांची. ह्याच पुढे स्मृतिचित्रे लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक.

टिळक कुठेच स्थिर नव्हते. आज इथे नोकरी, उद्या तिथे. पगार हातात आला की वाटेत भेटेल त्या गरजवंताला देऊन टाकायचे आणि घरी रिकाम्या हाताने यायचे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाशी त्यांच्या कवितेवर आणि धर्मावर गप्पा झाल्या. त्याने बायबलचा नवा करार हातात दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. डोंगरावरचं प्रवचन वाचल्यावर टिळक त्यात गुंतले ते गुंतलेच. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

घरी मात्र कुणाला पत्ता नव्हता. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. मुलगा दत्तू तेव्हा जेमतेम चार वर्षांचा. नातेवाईक माय-लेकरांना घेऊन पंढरपूरला गेले. नवरा जिवंत, पण त्याच्या घरी जायची सोय नाही, अशी ही काही वर्षं. पुढे त्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, नवऱ्याकडे परतल्या. पण स्वतःच्या अटींवर. सोवळं वेगळं, चूलही वेगळी. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. जातीचा विचार त्यांनी स्वतः केला, स्वतः सोडला आणि १९०० मध्ये स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला.

आता खरा प्रश्न उभा राहिला. दत्तूसारखी पोरं मोठी होणार होती. जुन्या नात्यागोत्यात त्यांना जागा नव्हती, आणि नव्या समाजात ख्रिस्ती होणं म्हणजे बऱ्याचदा साहेबाची नक्कल होती. कपडे साहेबाचे, बोलणं साहेबाचं, गाण्यांची चाल इंग्रजी आणि शब्द तेवढे ओढूनताणून मराठी. अशी गाणी नगर जिल्ह्यातल्या खेड्यात कोण मनापासून म्हणणार? सण आहे, पण तो आपला वाटत नाही, अशी गत. आणि सणात मजा वाटली नाही की पोरं आधी पळतात, हे आजही कुठल्याही घरात दिसतं.

टिळकांचं म्हणणं साफ होतं: देव बदलला म्हणून देश बदलत नाही. तुकारामांच्या अभंगांवरून चालतच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते मानायचे. मग त्यांनी अभंग, ओव्या, पदं, भजनं लिहायला घेतली. कीर्तनाचा बाज उचलला. नगरच्या ख्रिस्ती मंडळींत कीर्तन त्यांच्याआधीही होतं, कृष्णराव सांगळेंनी ती वाट पाडली होती. पण टिळकांनी लिहिलं ते प्रचंड. उपासना संगीत या मराठी चर्चमधल्या गीतसंग्रहात त्यांची दोनशेहून जास्त गीतं आहेत. १९१२ पासून ज्ञानोदयच्या मराठी विभागाचं संपादनही त्यांच्याकडे होतं.

मराठी साहित्यात त्यांना फुलामुलांचे कवी म्हणतात. शाळेत केवढे हे क्रौर्य शिकलेल्या कित्येकांना ती कविता एका ख्रिस्ती पाळकाची आहे हे माहीतही नसतं.

त्यांचं नगरचं घर म्हणजे पोरांचा अड्डाच. दत्तू, सांभाळलेली मुलगी तारा, शिवाय अनाथ आणि दुष्काळात सापडलेली मुलं. त्यात एक भावनाप्रधान, चटकन रुसणारा मुलगा आला. त्र्यंबक बापूजी ठोंबरे. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात सतरा वर्षांच्या या पोराने सगळ्यांना थक्क केलं आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकरांनी त्याला बालकवी म्हटलं. हे बालकवी टिळकांकडे राहिले, लक्ष्मीबाईंनी त्यांना आईची माया लावली. गंमत म्हणजे ख्रिस्ती पाळकाच्या घरात राहूनही ते हिंदूच राहिले. घरात सगळ्यांना जोडणारी गोष्ट धर्म नव्हती, कविता होती.

घर सोपं होतं असं मात्र नाही. टिळक तापट. दोघांची भांडणं व्हायची, पैसा टिकायचा नाही आणि महिना ढकलायचं काम लक्ष्मीबाईंवर. त्यांनी हे सगळं स्मृतिचित्रांत इतकं हसत सांगितलंय की वाचताना त्रास झालाय कुणाला हेच विसरायला होतं.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्याशासारखं राहू लागले आणि साताऱ्यात देवाचा दरबार उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. मिशनमधल्या सगळ्यांना ते पटलं नाही. ९ मे १९१९ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. ख्रिस्ती रीतीने दफन न करता दहन करावं ही त्यांची इच्छा होती. तसंच झालं आणि अस्थी नगरला नेल्या.

मागे एक काम अर्धवट राहिलं होतं. येशूचं चरित्र सांगणारं ख्रिस्तायन हे महाकाव्य. टिळकांच्या हातून सुरुवातीचे काही अध्यायच झाले होते. ज्यांना लग्नाआधी धड लिहितावाचताही येत नव्हतं, त्या लक्ष्मीबाईंनी पुढचे बहुतेक सगळे अध्याय रचले. १९३६ मध्ये त्याही गेल्या. शेवट पुरा केला तो दत्तूने, म्हणजे देवदत्त नारायण टिळकांनी. बालबोधमेवा या मुलांच्या मासिकाचे संपादक म्हणूनही ते ओळखले गेले. बापाने सुरू केलेली येशूची ही मराठी कथा १९३८ मध्ये त्यांनी छापून लोकांच्या हातात दिली.