अनुताई वाघ: एक्कावन्नाव्या वर्षी पदवी, आणि उतारवयातला विसर

पालघर-बोईसरच्या उत्तरेला, डहाणू तालुक्यात कोसबाडची टेकडी आहे. अनुताई वाघ यांचे नाव या टेकडीशी कायमचे जोडले गेले. निवृत्तीनंतर फ्लॅटमध्ये दिवस ढकलणाऱ्या आणि 'आता या वयात काय शिकायचे?' असे विचारणाऱ्या आजी-आजोबांनी त्यांचे आयुष्य जरूर पाहावे.

अनुताईंचा जन्म 17 मार्च 1910 रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. त्या काळी मुलीचे आयुष्य तिथेच संपल्यासारखे मानत. त्या मात्र शिकून शिक्षिका झाल्या आणि पुण्यात हुजूरपागेत नोकरी करता करता रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक झाल्या. 1945 मध्ये ताराबाई मोडकांसोबत बोर्डीला आल्या, 1957 मध्ये काम कोसबाडला हलले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणावर नेली. 1961 मध्ये, वयाच्या 51व्या वर्षी, त्या बी.ए. झाल्या. 1973 मध्ये ताराबाई गेल्यावरही काम थांबले नाही, आणि 1982 मध्ये, बहात्तराव्या वर्षी, रमेश पानसे यांच्यासोबत त्यांनी ग्राममंगल ही नवी संस्था उभी केली! 1985 मध्ये पद्मश्री मिळाली. 27 सप्टेंबर 1992 रोजी त्यांचे निधन झाले.

डॉक्टर म्हणून मला यात रस आहे तो असा: शिक्षण, नवे शिकणे आणि माणसांत राहणे यांमुळे मेंदूची जणू शिल्लक वाढते. मेंदूत वयाचे बदल झाले तरी लक्षणे उशिरा दिसू शकतात. ही हमी नव्हे. खूप शिकलेल्यांनाही विसर पडतो.

नावे पटकन न आठवणे, तोच प्रश्न पुन्हा विचारणे, हे वयाच्या मानाने जास्त होत असेल, पण स्वयंपाक, बँक, औषधे हे सगळे माणूस स्वतः सांभाळत असेल, तर त्या अवस्थेला माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट म्हणतात. हा डिमेन्शिया नाही. काहींचा विसर पुढे वाढतो, काहींचा तसाच राहतो, काहींचा कमीही होतो. म्हणून 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नका. बी-12ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, अपुरी झोप किंवा झोपेच्या गोळ्या यांनीही विसर पडतो, आणि यांवर उपाय आहेत. रक्तदाब, मधुमेह आटोक्यात ठेवा. ऐकू कमी येत असेल, डोळ्यांत मोतीबिंदू असेल तर लाजू नका, टाळू नका.

तपासणीला जाताना चालू औषधांची सगळी पाकिटे आणि रोज सोबत राहणारे घरातले एक माणूस बरोबर न्या. एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ सुरू झाला, बोलणे अडखळले किंवा तोंड वाकडे झाले, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, लगेच रुग्णालय गाठा.