मातेच्या श्रद्धेचा वारस : जे. आर. आर. टोल्किन

दि. २१ सप्टेंबर १९३७ रोजी लंडनच्या जॉर्ज ॲलन अँड अन्विन या प्रकाशन संस्थेने 'हॉबिट' ही बालकादंबरी प्रसिद्ध केली. पहिली आवृत्ती अवघ्या १,५०० प्रतींची होती व ती नाताळपूर्वीच संपली. त्यानंतर हे पुस्तक कधीही विस्मरणात गेले नाही. बुटका, सुखासीन, दिवसातून अनेकदा जेवणारा बिल्बो बॅगिन्स, त्याला घराबाहेर ओढून नेणारे तेरा ठेंगू, गँडाल्फ हा जादूगार आणि सोन्याच्या राशीवर पहुडलेला स्मॉग नावाचा ड्रॅगन यांनी चार पिढ्यांच्या वाचकांना वेड लावले. २०१२ ते २०१४ या काळात आलेल्या तीन चित्रपटांमुळे आपल्याकडील तरुणांनाही ही नावे परिचित झाली. मात्र या कथेचा लेखक रोज सकाळी मिस्सेला जाणारा कॅथलिक होता आणि आपल्या श्रद्धेसाठी त्याच्या आईने फार मोठी किंमत मोजली होती, हे आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत असेल. म्हणूनच त्यांच्या जीवनाची ओळख करून द्यावी, असे आम्हांस वाटले.

जॉन रोनाल्ड रूएल टोल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. वडील आर्थर हे बँकेचे व्यवस्थापक होते. १८९५ साली आई मेबल आपल्या दोन लहान मुलांना घेऊन इंग्लंडला माहेरी आली आणि पुढच्याच वर्षी आफ्रिकेत वडिलांचे निधन झाले. बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यात ही विधवा माता मुलांसह राहू लागली. मुलांचे शिक्षण तिने स्वतःच केले. लॅटिन भाषेची गोडी रोनाल्डला तिनेच लावली.

१९०० साली मेबल यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला. त्यांचे माहेर व सासर दोन्ही प्रॉटेस्टंट होते. नातलगांचा संताप अनावर झाला. आर्थिक मदत करणाऱ्या मेहुण्याने हात आखडता घेतला. हलाखी वाढत गेली, पण मेबल मागे हटल्या नाहीत. पुढे त्यांना मधुमेहाने ग्रासले. इन्शुलिनचा शोध लागायला तेव्हा बराच अवकाश होता. १४ नोव्हेंबर १९०४ रोजी, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. रोनाल्ड तेव्हा बारा वर्षांचा होता. आपली आई श्रद्धेसाठी झिजून गेली, ती रक्तसाक्षीच होय, अशी टोल्किन यांची आयुष्यभराची भावना होती. लग्नानंतर वा धर्मांतरानंतर नातलगांनी दार बंद केलेली माणसे आपल्याही समाजात आहेत. मेबल यांची कहाणी त्यांना वेगळी सांगावी लागणार नाही.

मृत्यूपूर्वी मेबल यांनी मुलांचे पालकत्व फादर फ्रान्सिस मॉर्गन यांच्याकडे सोपवले होते. फादर हे बर्मिंगहॅम ऑरेटरीचे धर्मगुरू. २०१९ साली संतपदी आरूढ झालेले कार्डिनल जॉन हेन्री न्यूमन यांनी ही ऑरेटरी स्थापन केली होती. मेबल यांनी मागे ठेवलेली पुंजी तुटपुंजी होती. फादर आपल्या घराण्याच्या उत्पन्नातून मिळणाऱ्या पैशांची भर त्यात गुपचूप घालीत. दोघे भाऊ सकाळी फादरांच्या मिस्सेला सेवा करीत, तेथेच न्याहारी करीत आणि मग शाळेत जात.

सोळाव्या वर्षी रोनाल्डची ओळख एडिथ ब्रॅट या अनाथ मुलीशी झाली. ती त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी होती. दोघांचे प्रेम जुळले. अभ्यासाकडे दुर्लक्ष होत असल्याचे पाहून फादरांनी कठोर निर्णय घेतला : वयाची एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत भेट नाही, पत्रही नाही. आजच्या तरुणांना हे अन्यायाचे वाटेल आणि आम्हीही त्या निर्णयाचे सर्वस्वी समर्थन करणार नाही. रोनाल्डने मात्र आज्ञा पाळली. ३ जानेवारी १९१३ रोजी एकविसावे वर्ष पूर्ण होताच त्याने एडिथला पत्र धाडले. तिचे लग्न दुसरीकडे ठरले होते! पाच दिवसांनी दोघे चेल्टनम येथे भेटले आणि तिने ते लग्न मोडले. तिलाही किंमत चुकली नाही. कॅथलिक होण्याचा विचार बोलून दाखवताच तिला राहत्या घरातून निघावे लागले. २२ मार्च १९१६ रोजी वॉरिक येथील कॅथलिक चर्चमध्ये त्यांचा विवाह झाला. लग्नाची बातमी फादरांना कशी सांगावी या धास्तीने रोनाल्ड शेवटपर्यंत गप्प राहिला होता. अखेर पत्र गेले, तेव्हा फादरांनी आशीर्वाद तर दिलेच, शिवाय ऑरेटरीत स्वतः लग्न लावण्याची तयारीही दर्शवली. पण तोपर्यंत सारी व्यवस्था झाली होती. थोरल्या मुलाच्या नावात पुढे टोल्किन दांपत्याने फ्रान्सिस हे नाव घातले.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत टोल्किन फ्रान्सच्या रणभूमीवर गेले. सोमच्या लढाईत ते संदेशवहनाचे अधिकारी होते. शाळेपासूनच्या जिवलग मित्रांपैकी दोघे त्या वर्षी मारले गेले. खंदकज्वराने आजारी पडल्यामुळे टोल्किन मायदेशी परतले. पुढे ते लीड्स विद्यापीठात शिकवू लागले व १९२५ साली ऑक्सफर्डला अँग्लो-सॅक्सन भाषेचे प्राध्यापक झाले. जॉन, मायकल, ख्रिस्टोफर व प्रिसिला अशी चार मुले झाली.

या काळातील एक गोष्ट झाकून ठेवू नये. लीड्समध्ये व ऑक्सफर्डच्या पहिल्या वर्षांत टोल्किन यांचे धर्माचरण जवळजवळ सुटले होते. पुढे त्यांनीच हे मुलाला लिहिलेल्या पत्रात खेदाने कबूल केले. त्यांना परत आणले ते पवित्र ख्रिस्तप्रसादाच्या ओढीने. त्यानंतर वारंवार पापनिवेदन आणि शक्य तेव्हा रोज ख्रिस्तप्रसाद हा त्यांचा परिपाठ झाला. याच काळात मित्र सी. एस. लुईस यांच्याशी त्यांचा संवाद चालू होता. १९३१ सालच्या सप्टेंबरमधील एका रात्री झालेल्या दीर्घ चर्चेनंतर लुईस यांनी ख्रिस्तावर विश्वास ठेवला. लुईस अँग्लिकन झाले, कॅथलिक नव्हे, याची रुखरुख टोल्किन यांना राहिली.

चार मुलांचा संसार प्राध्यापकाच्या पगारात भागत नसे. म्हणून उन्हाळ्यात ते शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत. एका विद्यार्थ्याने कोरे सोडलेले पान पाहून त्यांनी त्यावर एक वाक्य लिहिले. जमिनीतल्या बिळात राहणाऱ्या हॉबिट नामक प्राण्याविषयी. हॉबिट म्हणजे कोण, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हते. त्यातून मुलांना सांगण्याची गोष्ट वाढत गेली. हस्तलिखित प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांच्याकडे पोहोचले, तेव्हा त्यांनी आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, अभिप्राय लिहावयास सांगितले. मोबदला एक शिलिंग! रेनरने पसंती कळवली. हाच रेनर पुढे प्रकाशक झाला आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या प्रचंड ग्रंथावर हजार पौंडांचा तोटा होईल अशी धास्ती असतानाही तो छापण्याचा आग्रह त्याने धरला. १९५४-५५ साली तीन भागांत तो ग्रंथ प्रसिद्ध झाला.

'हॉबिट' मधील एक प्रसंग येथे सांगितला पाहिजे. डोंगराच्या पोटातील काळोखात बिल्बोला एक अंगठी सापडते. ती घालताच तो अदृश्य होतो. वाट अडवून बसलेला गॉलम हा घातकी जीव त्याच्या तलवारीच्या टप्प्यात असतो. मारावे की सोडावे? बिल्बोला त्या एकाकी, दुर्दैवी जीवाची कणव येते आणि तो त्याच्या डोक्यावरून उडी मारून निघून जातो. १९३७ च्या आवृत्तीत हा प्रसंग नव्हताच. तेथे गॉलम सौजन्याने बिल्बोला वाट दाखवीत असे. मोठा ग्रंथ लिहिताना अंगठीचे खरे स्वरूप लेखकाला उमगत गेले, तेव्हा त्यांनी हे प्रकरण पुन्हा लिहिले व ते १९५१ च्या आवृत्तीत आले. बिल्बोच्या त्या एका दयेवर पुढील सारी कथा उभी आहे. मोठ्या ग्रंथाच्या अखेरीस बिल्बोचा वारस फ्रोडो अंगठी नष्ट करू शकत नाही. मोह त्याला जिंकतो. ज्याला कधीकाळी जीवदान मिळाले होते, त्या गॉलमच्या हातूनच ती अग्नीत पडते.

हा शेवट काही वाचकांना रुचला नाही. फ्रोडोला देशद्रोही म्हणून शिक्षा व्हावयास हवी होती, असेही एका वाचकाने कळवले. टोल्किन यांनी अशा पत्रांना सविस्तर उत्तरे दिली. शक्तीच्या पलीकडे झुंजलेल्या माणसाला त्याच्या पतनाबद्दल दोषी धरता येत नाही, आणि त्याने आधी दाखवलेली दया त्याच्या मदतीला येते, असे त्यांचे म्हणणे होते. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतील क्षमेच्या व मोहाच्या विनंतीशी त्यांनी हा शेवट जोडला. ग्रंथात देवाचे नाव येत नाही, चर्च नाही, प्रार्थनाविधीही जवळजवळ नाहीत. तरीही ही कृती मुळात धार्मिक व कॅथलिक आहे, असे त्यांनी आपले मित्र व येशूसंघीय फादर रॉबर्ट मरे यांना लिहिले होते. अंगठीचा नाश २५ मार्च रोजी होतो. देवदूताने मरियेला निरोप दिल्याचा सण त्याच दिवशी असतो. एल्फ लोकांच्या पाथेय भाकरीत वाचकांना ख्रिस्तप्रसादाची छाया दिसली, ती त्यांनी नाकारली नाही. जादूच्या गोष्टींमुळे मुले बिघडतील अशी भीती काही पालक आमच्याजवळ व्यक्त करतात. ती भीती सर्वच पुस्तकांबाबत निराधार आहे असे नाही, पण येथे सत्तेची अंगठी फेकून देणे हेच शौर्य आहे, एवढे त्यांनी ध्यानात घ्यावे.

वाचकांच्या प्रेमाला १९६५ नंतर उधाण आले. अमेरिकेतील एका प्रकाशकाने मानधन न देता स्वस्त आवृत्ती काढली. टोल्किन यांनी अमेरिकन वाचकांना पत्रोत्तरे लिहिताना ही गोष्ट कळवली आणि वाचकांनीच असा रेटा लावला की त्या प्रकाशकाला मानधन द्यावे लागले. विद्यापीठांतील तरुणांना तर या कथांचे वेडच लागले. बालवाचकांच्या पत्रांनी त्यांना आनंद होई. अतिरेकी भक्तीने मात्र ते संकोचत. वेळेतील फरक न जाणणारे अमेरिकन वाचक मध्यरात्री दूरध्वनी करू लागले, तेव्हा त्यांना क्रमांक बदलावा लागला. १९६८ साली हे वृद्ध दांपत्य बोर्नमथ येथे राहावयास गेले.

कीर्तीच्या या काळातही त्यांच्या हातून एक लहानसे काम झाले. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी जेरुसलेम बायबलमध्ये योनाच्या पुस्तकाच्या भाषांतराला त्यांचा हात लागला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकभाषेत आली, तेव्हा लॅटिनवर प्रेम करणारे टोल्किन बोर्नमथच्या चर्चमध्ये मोठ्या आवाजात लॅटिनमध्येच उत्तरे देत, अशी आठवण त्यांच्या नातवाने सांगितली आहे. शेजारी उभ्या नातवाला अवघडल्यासारखे होई. ख्रिस्तसभा मात्र त्यांनी सोडली नाही.

२९ नोव्हेंबर १९७१ रोजी एडिथ यांचे निधन झाले. २ सप्टेंबर १९७३ रोजी ८१ व्या वर्षी टोल्किन यांनीही बोर्नमथ येथे अखेरचा श्वास घेतला. ऑक्सफर्डच्या हेडिंग्टन भागातील संत अंतोनी यांच्या चर्चमध्ये अंत्यविधीची मिस्सा झाली. ती अर्पण केली त्यांचे थोरले पुत्र फादर जॉन यांनी. मेबल यांचा हा नातू १९४६ साली धर्मगुरू झाला होता. वॉल्व्हरकोटच्या दफनभूमीत, कॅथलिकांसाठी राखलेल्या जागेत पतिपत्नी एकाच कबरीत विसावली आहेत. शिळेवर त्यांच्या नावांखाली टोल्किन यांच्याच कथेतील बेरेन व लूथियन या प्रेमिकांची नावे कोरली आहेत. जगभरातून वाचक तेथे येतात, फुले ठेवतात. त्यांच्यासाठी दफनभूमीत कबरीची वाट दाखवणाऱ्या लहान पाट्या लावल्या आहेत.