मारिया आना मोझार्ट

मारिया आना मोझार्ट तथा नानर्ल (३० जुलै, १७५१ – २९ ऑक्टोबर, १८२९) या साल्झबुर्ग येथील पियानोवादक व संगीतशिक्षिका होत्या. संगीतकार वोल्फगांग आमाडेउस मोझार्ट यांच्या त्या थोरल्या भगिनी होत. एकाच पियानोवर दोन वादकांनी शेजारी बसून वाजवावयाचे मोझार्ट यांचे आरंभीचे 'चार हातांचे' सोनाटे त्यांच्या नावाशी निगडित आहेत.

त्यांचे वडील लेओपोल्ड हे साल्झबुर्गच्या आर्चबिशपच्या दरबारात व्हायोलिनवादक होते. मुलीच्या शिक्षणासाठी त्यांनी १७५९ मध्ये स्वरलिपीची एक वही तयार केली. पुढे धाकटा वोल्फगांगही याच वहीतून शिकला. जून १७६३ ते नोव्हेंबर १७६६ या काळात या कुटुंबाने पश्चिम युरोपचा दौरा केला. लंडनमध्ये १७६५ साली ही भावंडे एकाच हार्पसिकॉर्डवर, पट्ट्या रुमालाने झाकून, एकत्र वाजवीत. त्या काळातील म्हणून सांगितला जाणारा सी मेजरमधील सोनाटा खरोखर मोझार्ट यांचा आहे काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

डिसेंबर १७६९ मध्ये पिता-पुत्र इटलीला निघाले, तेव्हा अठरा वर्षांच्या नानर्ल आईसह घरीच राहिल्या. उपवर मुलीने जाहीर मैफली करणे तत्कालीन समाजात रुचणारे नव्हते. त्यांनी रचलेल्या एका गीताची भावाने पत्रातून मनापासून वाखाणणी केली होती. परंतु त्यांची एकही रचना आज उपलब्ध नाही. म्हणून त्यांच्या योग्यतेचा अंदाज बांधण्यास डी मेजर (१७७२) व बी फ्लॅट मेजर (१७७३–७४) हे दोन सोनाटे महत्त्वाचे ठरतात. ते या बहीण-भावाने घरी वाजवण्यासाठी रचले गेले, असे मानले जाते. त्यांत खालच्या स्वरांचा वादक केवळ साथीला नाही. स्वरावली एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि दोघेही तयारीचे असावे लागतात. सुमारे १७८० मधील कौटुंबिक चित्रात दोघे एका पियानोशी बसलेले असून त्यांचे हात एकमेकांवरून गेलेले दिसतात.

वोल्फगांग १७८१ मध्ये व्हिएन्नाला स्थायिक झाले. ऑगस्ट १७८४ मध्ये नानर्ल यांचा विवाह सांक्ट गिल्गेन येथील न्यायाधिकारी योहान बाप्टिस्ट फॉन बेर्खटोल्ड यांच्याशी झाला. ते दोनदा विधुर झालेले व पाच मुलांचे वडील होते. योगायोग असा, की ज्या घरात नानर्ल यांच्या आईचा जन्म झाला, त्याच घरात त्या सून म्हणून आल्या. थोरला मुलगा लेओपोल्ड आजोबांनी साल्झबुर्गला सांभाळला. दोन मुलींपैकी एक तान्हेपणी, तर दुसरी १८०५ मध्ये निवर्तली. मोझार्ट यांनी चार हातांचे आणखी दोन सोनाटे १७८६ व १७८७ मध्ये व्हिएन्नात पूर्ण केले, तेव्हा शेजारी बहीण नव्हती.

पतीच्या निधनानंतर १८०१ मध्ये त्या साल्झबुर्गला परतल्या आणि पियानोच्या शिकवण्या करू लागल्या. भावाच्या मृत्यूनंतर पहिल्या चरित्रलेखनासाठी बालपणीच्या आठवणी त्यांनीच पुरविल्या होत्या. घरात जपलेली पत्रेही त्यांनी पुढे चरित्रकार निस्सेन यांच्या हाती दिली. मोझार्ट यांच्या बालपणाविषयी आज जे ज्ञात आहे, त्यातील बराच भाग या जपणुकीचे फळ होय. १८२५ मध्ये त्यांची दृष्टी गेली. साल्झबुर्ग येथेच त्यांचे निधन झाले. सांक्ट पीटर दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.