भाऊ दाजी आणि कडू कवठ

तेरेखोल नदीच्या एका तीरावर सिंधुदुर्ग, दुसऱ्या तीरावर पेडणे. त्या पेडण्यातल्या मांद्रे गावी रामकृष्ण विठ्ठल लाड जन्मले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले हे डॉक्टर भाऊ दाजी. गरिबांसाठी त्यांनी धर्मार्थ दवाखाना काढला. शिक्षण पाश्चात्त्य वैद्यकाचे, तरी देशी वनस्पती ते पारखून पाहत.

कुष्ठरोगावर तेव्हा खात्रीचा इलाज नव्हता. भाऊंनी कडू कवठाच्या बियांचे तेल वापरून पाहिले. १८७४ साली ते वारले. पण १९४०च्या दशकात डॅप्सोन येईपर्यंत याच कुळातल्या तेलांवर जगभरच्या कुष्ठालयांची भिस्त होती.

कडू कवठ सह्याद्रीतल्या ओहोळांकाठी वाढते, सिंधुदुर्गातही. औषध बियांत असल्याने कुऱ्हाड लागत नाही, पडलेली फळे वेचली की झाले. (अर्जुनाची साल मात्र खोडाभोवती सगळीकडून सोलली, तर झाडच वाळते.) पण फळे शेवटपर्यंत वेचली, तर नवे रोप उगवणार कशातून? काही फळे झाडाखाली सोडावीच लागतात. शिवाय नर-मादी झाडे बहुधा वेगळी असतात. फळ धरत नाही म्हणून नर झाड तोडले, तर शेजारची मादीही रिकामी राहते.