गांधीजींची चोरटी विडी

९ ऑगस्ट १९४२ च्या सकाळी मुंबईच्या बोरीबंदरहून एक खास रेल्वेगाडी पुण्याकडे निघाली. ठाणे, डोंबिवली, कल्याण मागे टाकून ती घाट चढली आणि चिंचवडला थांबली. ‘छोडो भारत’च्या ठरावानंतर पहाटेच अटक झालेले गांधीजी तेथे उतरले. त्यांना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवण्यात आले. सहाच दिवसांनी, १५ ऑगस्टला, त्यांचे सहकारी महादेवभाई देसाई यांनी त्याच वास्तूत अखेरचा श्वास घेतला.

त्या दुःखातच २८ ऑगस्टला गांधीजींनी एक छोटे पुस्तक लिहायला घेतले आणि १८ डिसेंबरला ते पूर्ण केले. विषय राजकारणाचा नव्हता, आरोग्याचा होता. ‘आरोग्यनी चावी’ या गुजराती पुस्तकात हवा, पाणी, आहार यांच्याबरोबर तंबाखूवरही एक प्रकरण आहे. ओढणे, चघळणे आणि तपकीर ओढणे या तिन्ही सवयींवर त्यात टीका आहे. लिहिणारा माणूस या वाटेने गेलाच नव्हता, असे मात्र नाही. लहानपणी त्याने स्वतः चोरून विडी ओढली होती.

मोहनदासचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला झाला, शाळकरी वय राजकोटमध्ये गेले. बारा-तेरा वर्षांचा असताना त्याला आणि त्याच्या एका नातेवाईक मुलाला धूम्रपानाची ओढ लागली. धुराचा वास त्यांना आवडत होता असे नाही. काका ओढत असत, तोंडातून धुराचे लोट सोडत असत आणि तसे आपल्यालाही करता आले पाहिजे, एवढेच त्यामागे होते. पैसे नव्हते म्हणून मुले काकांनी टाकलेली थोटके उचलू लागली. थोटकांतून पुरेसा धूर निघेना, तेव्हा घरातल्या नोकराच्या खिशातले पैसे चोरून विड्या आणल्या. त्या लपवायच्या कुठे, हा पुढचा प्रश्न. काही आठवडे असे गेले. मग एका झाडाचे पोकळ देठ विडीसारखे ओढता येतात असे कळले, तेही करून झाले.

देठात तंबाखू नव्हती, तरी मुले ते ओढत होती. सवयीचे मानसशास्त्र येथे उघडे पडते. शरीराला निकोटीन हवे असते हे खरेच, पण मनाला त्यासोबतचे बाकी सगळे हवे असते. मोठे झाल्याचा भास, सोबतीचे गुपित, बोटांतली वस्तू आणि तोंडातून निघणारा धूर.

आता डोंबिवली स्थानकाबाहेरची टपरी डोळ्यांसमोर आणावी. सकाळची जलद लोकल पकडण्याआधी एक कटिंग आणि एक सिगारेट, संध्याकाळी ठाण्याला किंवा कल्याणला उतरल्यावर पुन्हा तेच. ओढलेले निकोटीन काही सेकंदांतच मेंदूत पोहोचते आणि बरे वाटते. हे रोज त्याच जागी, त्याच वेळी, त्याच चहाबरोबर घडत राहिले की मेंदू जागेची आणि सुखाची गाठ मारतो. पुढे नुसता चहाचा वास आला तरी तलफ जागी होते. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांच्या प्रयोगातल्या कुत्र्यांना, अन्न समोर नसतानाही, ठरावीक इशाऱ्यावर लाळ सुटत असे. टपरीपाशी रेंगाळणारे पाऊल त्याच जातीचे असते.

मोहनदासची गोष्ट मात्र विड्यांवर थांबली नाही. मोठ्यांच्या परवानगीशिवाय काहीच करता येत नाही, हे त्या दोघांना इतके असह्य झाले की त्यांनी जीव देण्याचे ठरवले. रानातून विषारी बिया आणल्या, संध्याकाळी केदारजीच्या मंदिरात दिव्यात तूप घातले, दर्शन घेतले आणि एकांत शोधला. पण धीर झाला नाही. दोघे रामजीच्या मंदिरात गेले आणि मन शांत करून परतले. त्यानंतर थोटके उचलणे आणि पैसे चोरणे, दोन्ही सुटले.

पुढे पंधराव्या वर्षी भावाच्या सोन्याच्या कड्यातला तुकडा चोरल्यावर त्याने चिठ्ठीत कबुली लिहिली आणि आजारी वडिलांच्या हाती दिली. वडील रागावले नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले आणि त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली. लपवण्याचे ओझे उतरल्यावर बदल सोपा झाला, हा अनुभव गांधीजींनी आयुष्यभर वापरला. १८८८ मध्ये विलायतेला जाताना त्यांनी आईला मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याचे वचन दिले. निश्चय मोघम नव्हता. काय टाळायचे ते नेमके ठरलेले होते आणि कोणाला तरी सांगितलेले होते.

तरी एवढ्यावरून सगळा भार मनोनिग्रहावर टाकणे चुकीचे ठरेल. काही आठवड्यांची चोरटी विडी सोडणे वेगळे आणि वीस वर्षे रोज पाकीट संपवणाऱ्याने सिगारेट सोडणे वेगळे. याचा सर्वांत कटू पुरावा गांधीजींच्याच घरात होता. थोरला मुलगा हरिलाल दारूच्या आहारी गेला. वडिलांची पत्रे, उपदेश, रोष, कशाचाही उपयोग झाला नाही. फेब्रुवारी १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा मृत्युशय्येवर असताना हरिलाल भेटीला आला तो नशेत. आईला तो धक्का सोसवला नाही, त्याला तेथून न्यावे लागले. २२ फेब्रुवारीला कस्तुरबा गेल्या. ज्या वास्तूत आरोग्याचे पुस्तक लिहिले गेले, तिथेच त्या पुस्तकाची मर्यादाही दिसली. हरिलालचा मृत्यू जून १९४८ मध्ये मुंबईत झाला, गांधीजींच्या हत्येनंतर पाच महिन्यांच्या आत.

व्यसन हा चारित्र्याचा दोष नसून उपचार करण्याजोगा आजार आहे, असे आजचे वैद्यकशास्त्र मानते. सिगारेट सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड जातात. चिडचिड, अस्वस्थता, झोपेची तक्रार साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरते. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच पाहुणी असते, ती निघून जाईपर्यंत हात आणि तोंड गुंतवून ठेवायचे. टपरीसमोरून न जाता पुलाच्या दुसऱ्या बाजूने उतरणे, काही दिवस चहाची जागा आणि सोबत बदलणे, खिशात बडीशेप किंवा लवंग ठेवणे, घरी आणि कचेरीत तारीख सांगून टाकणे यांनी जुनी गाठ सैल होते. एखादा दिवस घसरला तर सगळे संपले असे समजू नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करावी. निकोटीनचे च्युइंगगम, पट्ट्या आणि औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतात. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११२-३५६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी निःशुल्क आहे.

मोठेपणी गांधीजींना विडी-सिगारेटच्या धुराने भरलेल्या रेल्वेच्या डब्यात बसवत नसे, जीव गुदमरत असे. देशभर सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे नियम लागू झाले ते २ ऑक्टोबर २००८ रोजी, त्यांच्या जयंतीच्या दिवशी. लोकलच्या डब्यात आज कोणी सिगारेट पेटवत नाही. तासभराच्या गर्दीच्या प्रवासात ओढणाऱ्याचेही तिच्यावाचून अडत नाही. तलफ त्याला पुन्हा गाठते ती उतरल्यावर, जिन्याच्या पायथ्याशी असलेल्या टपरीपाशी. सोडायची सुरुवात तिथूनच करावी लागते.