हंसा वाडकर : भूमिका आणि स्वत्व

प्रस्तावना

आपल्यापैकी काही जण गोंदिया जिल्ह्यातील इटियाडोह धरणाच्या परिसरात राहत असतील. गाढवी नदीच्या या धानपट्ट्यात दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते आणि झाडीपट्टीची नाटके रात्रभर रंगतात. पहाटे नाटक संपते, पडदे गाडीत चढतात, नटी पुढच्या गावाला निघून जाते. तिचे घर कोठे आहे, तेथे तिची वाट कोण पाहत असेल, हे आपण सहसा विचारीत नाही. हाच प्रश्न मनात ठेवून या घटकात आपणांस अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या जीवनाचा परिचय करून घ्यावयाचा आहे.

जीवनपट

हंसाबाईंचा जन्म १९२३ साली मुंबईत झाला. त्यांचे मूळ नाव रतन साळगावकर. घरची ओढगस्त वाढली, तशी शाळा सुटली आणि कोवळ्या वयातच त्या चित्रपटसृष्टीत आल्या. १९३६ सालच्या 'विजयाची लग्ने' या चित्रपटात त्या नायिका म्हणून आल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे तेरा वर्षांचे होते. त्यांच्या कमाईवर घर चालू लागले.

पुढे लवकरच जगन्नाथ बांदरकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. काम सोडून संसार करावा, अशी हंसाबाईंची इच्छा होती. पतीला मात्र त्यांची मिळकत हवी होती आणि ज्या कामातून ती येत होती, त्याच कामाविषयी त्याच्या मनात संशयही होता. या दुहेरी पेचातून त्यांची सुटका झाली नाही. प्रभातच्या 'संत सखू' (१९४१) मध्ये त्यांनी सासुरवास सोसणारी सखू रंगविली. पडद्यावरील सखूसाठी विठ्ठल धावून येतो; घरी मात्र त्यांना आपली वाट आपणच शोधावी लागली. 'रामशास्त्री' (१९४४) आणि 'लोकशाहीर राम जोशी' (१९४७) या चित्रपटांनी त्यांची कीर्ती वाढविली.

याच ओढाताणीत एका पुरुषावर विसंबून त्या मुंबईबाहेर पडल्या आणि मराठवाड्यातील एका आडगावी जाऊन राहिल्या. हवे असलेले घर तेथे मिळेल, ही आशा फोल ठरली. तेथे घर होते, पण उंबरा ओलांडण्याची मोकळीक नव्हती. प्रसिद्ध नटीचा तेथे कोणाला पत्ता नव्हता आणि लेक मुंबईत दुरावली होती. त्या परत आल्या, पुन्हा उभ्या राहिल्या. १९५९ साली अनंत माने दिग्दर्शित 'सांगत्ये ऐका' प्रदर्शित झाला. पुण्यात तो शंभराहून अधिक आठवडे चालला. याच नावाने त्यांचे आत्मकथन १९७० साली पुस्तकरूपाने आले. त्यांनी ते अरुण साधू यांना सांगितले होते. पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, त्यांचे निधन झाले.

आत्मकथनाकडून चित्रपटाकडे

या आत्मकथनावर श्याम बेनेगल यांनी १९७७ साली 'भूमिका' हा हिंदी चित्रपट दिग्दर्शित केला. त्यातील उषाची भूमिका स्मिता पाटील यांनी केली आणि त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. उषा एका घरातून दुसऱ्या घरात जाते आणि अखेरीस एकटीच उरते. आत्मकथनातील हंसाबाईंजवळ याहून एक गोष्ट अधिक आहे : त्या स्वतः बोलतात.

येथे भाषेचा विद्यार्थी म्हणून आपण 'सांगत्ये' या क्रियारूपाकडे पाहावे. पुरुष 'सांगतो' म्हणेल. 'मी' हे सर्वनाम उच्चारले नाही, तरी बोलणारी स्त्री आहे, हे क्रियापदाच्या प्रत्ययातूनच कळते. चित्रपटात हे शब्द प्रेक्षकांच्या रंजनासाठी होते. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तेच शब्द साक्षीसारखे उभे राहतात. आयुष्यभर इतरांनी लिहिलेले संवाद बोललेल्या स्त्रीने येथे स्वतःचे दोष, व्यसन आणि चुकाही लपविल्या नाहीत. आपली दया यावी, असा आग्रह तिने धरला नाही. ऐकावे, एवढेच मागितले.

स्वाध्याय

१. हंसाबाईंच्या जीवनात कमाई आणि संसार यांचा विरोध कसा निर्माण झाला, ते स्पष्ट करा.
२. आपल्या परिसरातील एखाद्या ज्येष्ठ स्त्री-कलावंताशी तिच्या संमतीने बोला. तिच्या निवेदनातील क्रियारूपे तिच्याच बोलीत, न सुधारता नोंदवा.