विष्णुपंत पागनीस : घेतला वेष निभावणारा नट

ज्याचे सोंग घ्यायचे तो अनुकार्य आणि सोंग घेणारा तो अनुकर्ता, असा भेद नाट्यशास्त्राच्या पंडितांनी केला आहे. रंग पुसला की दोघांचा संबंध सुटला. हा भेद आम्हांस मान्यच आहे. पण सन १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ हा बोलपट आला आणि महाराष्ट्रातील भोळे भाविक हा भेद पार विसरून गेले. श्रीतुकोबारायांची म्हणून घरोघरी जी तसबीर लागली, तिच्यातला चेहरा पुष्कळ ठिकाणी एका नटाचा होता. तो नट म्हणजे कै. विष्णुपंत पागनीस. त्यांची हकीकत वारकऱ्याने का ऐकावी, हे ओघाने कळेलच.

विष्णुपंतांचा जन्म सन १८९२ मध्ये चिकोडी येथे झाला. त्या काळी कुलीन बायका रंगभूमीवर येत नसत. म्हणून गोड गळ्याच्या, नाजूक बांध्याच्या मुलांना लुगडे नेसवून उभे करीत. विष्णुपंतही नाटकमंडळीत शिरले ते असेच, आणि उमेदीची वर्षे त्यांनी स्त्रीभूमिका केल्या. पुढे नाटक मागे पडले. मुंबईस शाळेत मुलांना गाणे शिकवावे आणि भजनात रमावे, असा त्यांचा क्रम झाला.

इकडे प्रभात कंपनी सन १९२९ मध्ये कोल्हापुरास निघून १९३३ मध्ये पुण्यास आली होती. १९३५ च्या ‘धर्मात्मा’ बोलपटात बालगंधर्वांनी एकनाथ महाराजांची भूमिका केली. पाठोपाठ दामले आणि फत्तेलाल या जोडीने तुकोबांचे चरित्र हाती घेतले आणि त्यासाठी पागनीसांची निवड झाली. कंपनीतच कुरकुर झाली. जन्मभर लुगडे नेसून वावरलेला माणूस, बोलणे-चालणे मऊ, तो देहूच्या वाण्याचे काम काय करणार? दुष्काळात होरपळलेला, दिवाळे निघालेला तो संसारी पुरुष याच्या अंगी शोभेल कसा? पण निवड कायम राहिली. आणि गंमत बघा, जो दोष म्हणून सांगितला तोच गुण ठरला. तो मऊपणा पडद्यावर संताचे मार्दव होऊन बसला.

आता गाण्याविषयी. या बोलपटाचे संगीत केशवराव भोळे यांचे, आणि पागनीस पडद्यावर आपल्याच गळ्याने गायले आहेत. नाटकातल्या गवयाला टाळ्या आणि वन्समोअर यांची चटक असते. गळा तयार असला की तान आवरत नाही. पागनीसांचा गळा तयार होता, तरी येथे त्यांनी तो आवरला. चाल साधी, शब्द स्वच्छ, अर्थ पुढे आणि सूर त्याच्या मागे. कीर्तनात उभे राहणाऱ्या तरुणांना आम्ही नेहमी सांगतो की हा बोलपट निदान कानांनी तरी पाहा. शब्द गिळून तान घेणाऱ्याने श्रोत्यांच्या पदरात काय टाकले, याचा विचार त्याने तेथे करावा.

जिजाईचे काम गौरी नावाच्या बाईंनी केले. त्या प्रभातमध्येच किरकोळ कामे करीत. त्यांचा तो रांगडा तोंडपट्टा, देवावर धावून जाणे आणि चुलीची काळजी यांमुळे विष्णुपंतांचे भजन हवेत तरंगत नाही, घरात राहते.

आणि आता मुख्य मुद्दा. या बोलपटात बीज, अंकुर आणि वृक्ष यांचे एक पद आहे. एकापासून अनेक झाले तरी शेवटी एकच उरते, असा त्याचा आशय. छांदोग्यात उद्दालकाने श्वेतकेतूला वडाचे फळ फोडायला लावले, त्याच जातीचा हा दृष्टांत. पद इतके साधले की ते तुकोबांचेच म्हणून लोक गाऊ लागले, आणि जाणतेही फसले असे सांगतात. वास्तविक ते शांताराम आठवले या तरुण कवीने बोलपटासाठी रचलेले. त्यात तुकोबांची नाममुद्रा नाही. एवढे जुळवून लिहिणाऱ्याला मुद्रा घालणे काय कठीण होते? पण आठवल्यांनी ते केले नाही. फसगत झाली ती ऐकणाऱ्यांची, आणि तिला मोठे कारण विष्णुपंतांचा गळा. त्या मुखातून आले ते तुकोबांचेच, असे लोकांना वाटले.

बोलपट मुंबईस वर्षाहून अधिक काळ चालला. सन १९३७ मध्ये इटलीतील व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवातही त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पुढे संतांच्याच भूमिकांत राहिले. १९३९ मध्ये ते तुलसीदास झाले, १९४० मध्ये नरसी भगत. १९४३ मध्ये त्यांनी देह ठेवला. पण लोकांच्या मनात ते तुकाराम म्हणूनच राहिले.

मग नटाच्या चेहऱ्याला हात जोडावेत काय? आमचे मत असे की, तसबीर पाहून तुकोबांचे स्मरण झाले तर हात जोडावेत. ते तुकोबांना पोचतात. पण तो चेहरा कोणाचा, हे मुलांना सांगावे. तसेच ते पद कीर्तनात खुशाल गावे, मात्र आठवल्यांचे नाव घेऊन गावे. गाथेत कोणता अभंग तुकोबांचा आणि कोणता मागून घुसलेला, याचा निवाडा करताना जाणत्यांचे डोळे शिणले आहेत. आपल्याच तोंडाने आणखी एक क्षेपक कशाला वाढवायचा? बुडवलेली गाथा इंद्रायणीने राखली, असे आपण भक्तिभावाने सांगतो. तिच्यात परक्याची भर पडू नये, हे राखणे आपल्याकडे आहे.

विष्णुपंतांनी वेष घेतला तो चोख निभावला, आणि गळा तुकोबांच्या शब्दांच्या चाकरीला लावला. त्याबद्दल वारकऱ्यांनी त्यांचे ऋण मानावे. असो. इतकी सेवा रुजू करून येथे थांबतो.